प्रतिवादी क्रमांक तीन

पेन्सिलीनं मारलेली ती फुली जेमतेम चार मिलिमीटरची होती. तिची एक रेघ दुसरीपेक्षा जास्त दाबून ओढलेली, त्यामुळे तेवढ्यापुरता कागद किंचित दबला होता. फुलीच्या शेजारी टाइप केलेलं माझं नाव: नलिनी ज्ञानू बाबर, वय ३४, धंदा नोकरी.

"सही त्या फुलीवर," दादा म्हणाला. "तिन्ही पानांवर केलीय खूण. पटकन कर, साहेबांना जायचंय."

तांबोळी वकिलांच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. शुक्रवार होता, २००५ सालचा. सुंदराबाई खिलारे नावाच्या बाईनं आमच्यावर दावा लावला होता. प्रतिवादी क्रमांक एक माझा थोरला भाऊ यशवंत, क्रमांक दोन आई, आणि क्रमांक तीन मी. आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, माळावरची तीन एकर जमीन तिला द्यायचं तोंडी ठरवलं, निम्मे पैसे घेतले, ताबा दिला, आणि खरेदीखत होण्याआधी ते वारले, असं तिचं म्हणणं. नानांच्या वारसांनी आता खरेदीखत करून द्यावं, अशी तिची मागणी. त्यावरचं आमचं उत्तर, कोर्टाच्या भाषेत कैफियत, सोमवारी द्यायची होती. तेच कागद माझ्यापुढे होते.

मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"वाचतेस काय अगं? परीक्षा आहे का?" दादा वकिलांकडे वळला. "हिला चहातली साखरसुद्धा मोजून लागते, साहेब."

"वाचू द्या," तांबोळी म्हणाले. "सही करून मग वाचणाऱ्यांपेक्षा बरं."

कलम सातवर मी थांबले. 'प्रतिवादी क्र. ३ या माती परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीस असून, दिनांक १५ मार्च १९९९ रोजीच्या नोंदीत शेतकऱ्याचे नाव या रकान्यात त्यांच्या हातून वादीचे नाव चुकून लिहिले गेले.'

"हा 'चुकून' शब्द कुणाचा?" मी विचारलं.

"माझा." तांबोळींनी चष्मा काढला. "ताई, सरळ सांगतो. जमिनीचा तोंडी करार कायद्यात चालतो. लोकांना वाटतं कागद नाही म्हणजे काहीच नाही, तसं नसतं. पण तो शाबीत करावा लागतो, आणि करणं महाकठीण. पैशाची पावती नाही तिच्याकडे. साक्षीला तिचा दीर, म्हणजे तिच्याच घरचा. कागद एकच, तुमच्या प्रयोगशाळेचा अहवाल. गट नंबर तुमच्या वडिलांचा आणि नाव तिचं."

"प्रयोगशाळा सातबारा बघत नाही. माती आणणारा सांगेल ते नाव आम्ही लिहितो."

"अगदी बरोबर! म्हणून त्या कागदात तसा दम नाही. पंचाईत एवढीच आहे की तो लिहिणारी बाई मालकाची मुलगी निघाली."

"म्हणून 'चुकून'," दादा म्हणाला.

"आणि ती हरली तर?"

"तिनं दुसरी मागणी केलीय. जमीन नाही तर दिलेले पैसे व्याजासकट परत. ते मिळतील तिला. यशवंतराव द्यायला तयार आहेत. सध्या कोर्टाचा मनाई हुकूम आहे, म्हणून त्या शीतगृहवाल्याला विकता येत नाही. दावा निकाली निघाला की मोकळे."

चौपदरी रस्ता आमच्या माळाला लागून जाणार होता, आणि शीतगृहवाला दर आठवड्याला दादाला फोन करत होता. मी कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"मी सोमवारी सांगते."

"सोमवारी काय सांगतेस? सोमवारी तारीख आहे!"

"म्हणूनच."

बाहेर पडल्यावर मी खोलीवर गेले नाही. प्रयोगशाळा बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. कपाटातून १९९९ ची वही काढली. आमच्याकडे नोंद खोडण्याचा एक नियम आहे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. त्या वर्षाच्या वहीत माझ्या नऊ चुका सापडल्या. एकदा मी गट नंबर उलटा लिहिला होता, एकदा बाजरीच्या जागी ज्वारी. प्रत्येकीवर रेघ होती. १५ मार्चच्या ओळीवर नव्हती.

ती ओळ लिहिण्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी, मी गावी गेले होते. सुंदराबाई आमच्या सोप्यात बसली होती. तिची चुन्याची भट्टी बंद पडली होती, नवरा खोकून खोकून गेला होता, आणि तिला फळबाग करायची होती. आमच्या माळावर तेव्हा कुसळं सोडून काही उगवत नव्हतं. नानांनी किंमत सांगितली, तिनं एकदाच कमी करून मागितली, आणि जमलं. माळाची मोजणी व्हायची होती, ती झाली की खरेदीखत करू, असं ठरलं; ती मोजणी पुढं नाना जाईपर्यंत झालीच नाही. कागदाचं कुणी काढलंच नाही. नानांपुढं कागद मागणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हणण्यासारखं होतं, आणि सुंदराबाईला ते कळत होतं. आईनं गूळ आणला. मग नानांनी माळावरून आणलेलं एक ढेकूळ उचललं आणि तिच्या पदरात घातलं. आमच्याकडे शब्द पक्का झाला, याची ती रीत होती. त्यानंतर मागं फिरलेलं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"नले," नाना म्हणाले, "ह्येच ढेकूळ तपास. डाळिंब यील का सांग तिला."

"एका ढेकळाचा नमुना होत नाही, नाना. आठ ठिकाणची माती लागते."

"आठ तर आठ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं माळावर गेलो. नाना स्वतः कुदळ मारत होते. पाऊण फूट खोल खड्डा, कडेची माती खरवडायची, पुढची जागा. सुंदराबाई घमेलं धरून मागं. शेवटी सगळी माती गोणपाटावर पसरून मी तिचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा चार केले, अर्धा किलो उरेपर्यंत. पिशवीवर चिठ्ठी बांधताना मी सवयीनं नानांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"माझं कशाला? तिचं रान हाय आता. तिचं नाव लिही."

मी तिचं नाव लिहिलं. माती चुनखडीची निघाली, द्राक्षाला नालायक, डाळिंबाला चालण्यासारखी.

तांबोळींकडे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी गावी पोचले तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत होती. तिच्या डाव्या अंगठ्यावर जांभळी शाई होती, नखाच्या कडेला जास्त गडद.

"दिलास अंगठा?"

"दिला." तिनं शेंग फोडली. "वकिलाचा मानूस आला हुता परवा."

"काय लिहिलंय त्यात, विचारलंस?"

"मला काय वाचता येतंय?"

"नाना कधी तिला जमीन देणार नव्हते, कुणाशी काही बोलणं झालंच नव्हतं, असं लिहिलंय. आई, त्या दिवशी गूळ तू आणलास."

"आणला आसंल."

"असंल नाही. आणलास. पितळी वाटीतून."

आईची बोटं चालतच होती. मग तिनं मान वर केली.

"नले, माझं ताट ह्या घरात हाय. यशवंताच्या बायकूनं वाढलेलं मी खाती. तुझं ताट तुझ्या पगारात हाय. आंगठा का दिला त्ये मला इचारू नगं."

मी विचारलं नाही. तिच्याजवळ बसून थोड्या शेंगा फोडल्या.

दादा दुपारी आला. आज त्याचा आवाज खालचा होता. माझ्यासाठी त्यानं बसस्थानकाजवळच्या दुकानातली जिलबी आणली होती.

"हे बघ, मी काही हक्कसोड मागत नाही तुझ्याकडं. गावात कोणता भाऊ असं म्हणतो, सांग. लुगडं-चोळी देऊन सही घेतात बहिणीची. मी तुझा तिसरा हिस्सा रोख तुझ्या हातात देणार. तालुक्याला स्वतःचं घर होईल तुझं. किती दिवस त्या पत्र्याच्या खोलीत राहणार?"

"तिची झाडं किती आहेत माळावर?"

"झाडांचं काय आलं इथं?"

"तू मोजली नाहीस?"

"झाडं मोजायला मी तुझ्यासारखा रिकामा नाही!" जिलबीचा पुडा त्यानं बाजूला सरकवला. "एक शब्द लिहायचाय, चुकून. एवढाच. चुका होत नाहीत माणसाच्या? तुझ्याच तेवढ्या होत नाहीत?"

"होतात. माझ्या नऊ झाल्या त्या वर्षी."

"मग दहावी समज."

"दहावी झाली नव्हती, दादा."

तो उठला. दारात जाऊन थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी माझ्या विरुद्ध गेलीस, तर ह्या उंबऱ्याला परत पाय लावायचा नाही. आईला भेटायला सुद्धा नाही. सांगून ठेवतो."

आई आतून हे ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

रविवारी सकाळी मी माळावर गेले. सहा वर्षांत मी तिकडे एकदाही फिरकले नव्हते. कडेनं निवडुंगाचं कुंपण, आत सरळ ओळी. मी चालता चालता मोजलं. तीनशे दहा झाडं, त्यातली सात मेलेली, त्यांच्या जागी नवी लावलेली. सुंदराबाई ठिबकच्या नळीतला गाळ फुंकून काढत होती. तिनं मला पाहिलं, नळी पुन्हा जोडली, आणि मगच उठली.

"या. प्रतिवादी आल्या."

"नमस्कार, सुंदराक्का."

"तुमास्नी कोर्टात वढायचं माझ्या मनात नव्हतं. वकील म्हणला, वारस हाय, नाव घालाय लागतंय. मी म्हणलं, त्या पोरीचं नाव साक्षीदारात घाला. तर त्यो म्हणला, ती येनार न्हाई."

"का येणार नाही म्हणाला?"

"त्यानं न्हाई सांगितलं. मीच सांगितलं त्याला." तिनं हात पदराला पुसले. "गेल्या वैशाखात मी तुमच्या दारात आले हुते. ध्यानात हाय?"

ध्यानात होतं. आत्तापर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि इथंही इतका वेळ टाळलं. त्या दिवशी दादानं तिला उभ्या उभ्या सांगितलं होतं की कसली जमीन अन् कसला व्यवहार. मी मधल्या दारात उभी होते. सुंदराबाई त्याच्याशी भांडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, तुमी हुता की. तुमी सांगा." दादानं माझ्याकडे पाहिलं. चुलीपाशी आईचा हात थांबला. आणि मी म्हणाले, "मला नीट आठवत नाही."

आठ खड्ड्यांच्या जागा मला आठवत होत्या. तिसऱ्या खड्ड्यात गोगलगाईचा शंख निघाला होता, तो आठवत होता. आणि मी असं म्हणाले होते.

"आठवतंय," मी आता म्हणाले. "मी खोटं बोलले."

"माहीत हाय मला." तिचा आवाज चढला नाही. "तुमचा भाऊ खोटं बोलला, त्येचं मला काय वाटलं न्हाई. त्यो रस्त्याकडं बघून बोलत हुता, मानसाकडं न्हाई. पर तुमी... तुमी माती सुदिक चार चार डाव चाळून घेता."

ती पुढच्या झाडाकडे गेली, मी मागोमाग.

"तुम्हाला पैसे परत मिळतील, व्याजासकट. वकील म्हणाले."

"पैसं घ्यून काय करू? गाठुड्यात बांधून डोक्यावर ठिवू?" ती एकदम हसली. "भट्टीवर चाळीस वरसं धूर गिळला मी. नवऱ्याची छाती गेली त्यात. ही पयली जागा, जितं सकाळच्याला उटून खोकला येत न्हाई. ह्येचं व्याज कसं लावनार त्यो वकील?"

"आणि हरलात तर?"

"वर जाईन. तिथं हरले तर आनी वर. उरलेलं पैसं ब्यांकेत ठिवल्यात, हात लावलेला न्हाई. माझा वकील म्हणतो, बाई, तुमची तयारी हुती, राजीखुशी हुती, ह्ये कोर्टाला दाखवाय लागतंय. म्हणलं, तयारी? ह्यो माळ दाखवा की म्हणावं! कुसळाच्या माळावर तीनशे झाडं काय राजीखुशीबिगर हुत्यात?"

तिनं एक वाळकी फांदी कात्रीनं तोडली आणि माझ्यापुढं धरली, मी घेईपर्यंत. मग म्हणाली, "एक सांगते, ताई. साक्ष द्या म्हणून मी मागनार न्हाई. एकदा मागितली. दुसऱ्यांदा मागायची माझी जात न्हाई."

"मी त्यासाठी आले नाही."

"मग कशाला आलाय?"

खरं तर मलाही माहीत नव्हतं. "झाडं मोजायला," मी म्हणाले.

"किती भरली?"

"तीनशे दहा."

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या नळीपाशी बसली.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात दादा माझ्या आधी पोचला होता. आईला त्यानं आणलं नव्हतं. तांबोळी वकिलांनी मला एका बाजूला घेतलं.

"सही?"

"आणखी एक विचारायचंय. मी वेगळं काही बोलले, तर भावाचं काय होईल?"

त्यांनी फाईल या हातातून त्या हातात घेतली. "तुमचं बोलणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, तुमच्या आईवरही नाही. फक्त तुमच्या तिसऱ्या हिश्शापुरतं. पण खरं सांगू? घरातलंच माणूस उभं राहिलं, तर न्यायाधीश बाकीच्यांचं वेगळ्या कानांनी ऐकतात. आणि मग मला तुमचं वकीलपत्र घेता येणार नाही, हे लक्षात ठेवा. मी यशवंतरावांचा वकील आहे."

"लक्षात आहे."

"तुमचा हिस्सा जाईल. माहेर जाईल. त्या बाईला तरीसुद्धा दहा वर्षं लागतील. हे सगळं मांडून बघितलंत?"

"बघितलं."

"तुमच्यासारखा पक्षकार मिळाला असता, तर माझं कामच उरलं नसतं," असं ते पुटपुटले आणि आत गेले.

आमचा पुकारा साडेबाराला झाला. सुंदराबाई तिच्या वकिलामागं उभी होती, पदर खोचून, माळावर उभी राहायची तशीच. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. तांबोळींनी कैफियत दिली. न्यायाधीशांनी शेवटचं पान उलटलं, पुन्हा मागं आले.

"प्रतिवादी क्रमांक तीनची सही नाही."

"त्यांना थोडा अवधी हवा आहे, साहेब. पुढची तारीख मिळाली तर..."

"हजर आहेत का त्या?"

मी उठले. दादानं माझं मनगट धरलं. "नले, खाली बस," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "बस म्हणतो ना." लहानपणी विहिरीच्या काठावरून मागं ओढायचा, तशीच घट्ट पकड होती ती. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. चार मी सोडवली. अंगठा त्यानं स्वतःच काढला.

पुढं जाऊन उभी राहिले.

"तुम्ही नलिनी बाबर? वकील लावायला मुदत हवी आहे का?"

"नको, साहेब."

"कैफियतीवर तुमची सही का नाही?"

"त्यातला मजकूर खरा नाही."

मागं कुजबूज झाली. शिपायानं हात वर केला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, नीट समजून बोला. तुम्ही इथं जे सांगाल ते लिहून घेतलं जाईल, नंतर मागं घेता येणार नाही. तुमच्याविरुद्ध हा दावा आहे. त्यावर तुमचं स्वतःचं म्हणणं काय आहे?"

प्रयोगशाळेत मी इतकी हळू बोलायचे की सहकारी दोनदा विचारत. त्या दिवशी कुणाला विचारावं लागू नये, म्हणून मी आधी पूर्ण श्वास घेतला.

"दावा मला कबूल आहे, साहेब. माझ्या वडिलांनी ही जमीन सुंदराबाई खिलारे यांना दिली, तेव्हा मी तिथं हजर होते. माझा हिस्सा मी त्यांच्या नावावर करून देणार."